एक्सपीची सरलेली मुदत

आमच्या शाळेच्या कचेरीत कोपऱ्यात एक जुना संगणक आहे. शिपाईमामा रोज संध्याकाळी त्याच्यावर कापड टाकतात. त्याची इंटरनेटची तार मीच काढून ठेवली आहे. "सर, हे मोडीत का काढत नाही?" असे नवे शिक्षक विचारतात. त्याचे उत्तर द्यायचे तर थोडा इतिहास सांगावा लागतो.

२५ ऑक्टोबर २००१ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपी ही प्रणाली बाजारात आणली. आपल्यासारख्या दोन भाषांच्या मुलखात तिचे वेगळेच अप्रूप होते. देवनागरीचा 'मंगल' हा टंक आधीच्या विंडोज २००० बरोबर आला होता. एक्सपीने त्याच्या जोडीला कन्नडचा 'तुंगा' आणला. सेटिंगमध्ये एक खूण करायची, मूळ सीडी घालायची, की एकाच कागदावर मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी नांदू लागत. (डीटीपीवाल्यांनी आपले जुने फाँट सोडले नाहीत ते नाहीतच! त्याची फळे पुढे सांगतो.)

प्रणाली कितीही चांगली असली तरी तिच्यात भोके राहतातच. ऑगस्ट २००३ मध्ये 'ब्लास्टर' नावाचा किडा अशाच एका भोकातून जगभर शिरला. त्यावरची दुरुस्ती जुलैतच निघाली होती. लोकांनी ती बसवलीच नव्हती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या द्यायचा परिपाठ कंपनीने सुरू केला.

हा मंगळवारचा रतीब एक्सपीसाठी ८ एप्रिल २०१४ रोजी बंद झाला. त्या दिवशी एकही यंत्र बंद पडले नाही, आणि तिथेच सामान्य माणूस फसला. वाचकहो, एकाच गवंड्याने बांधलेले दोन वाडे डोळ्यांसमोर आणा. नव्या वाड्याची भिंत कुठे लिंपली, हे चोराने पाहिले की जुन्या वाड्यात कुठे हात घालायचा हे त्याला आपोआप कळते. नव्या प्रणालीची प्रत्येक दुरुस्ती जुनीचे मर्म अशी उघडी करीत जाते. ब्रिटनच्या सरकारने हे ओळखले आणि आपल्या कचेऱ्यांतल्या एक्सपीसाठी आणखी एका वर्षाच्या दुरुस्त्या सुमारे ५५ लाख पौंड मोजून घेतल्या. ज्याच्या गाठीला पैसा, त्याची मुदत वाढते, हे काही नवे नव्हे.

गंमत अशी, की लावलेले दार कंपनीलाही पुन्हा उघडावे लागले. महिनाही लोटला नव्हता, तोच १ मे २०१४ रोजी ब्राउझरमधल्या एका दोषासाठी एक्सपीलाही दुरुस्ती मिळाली. दुसरी वेळ मे २०१७ ची.

१२ मे २०१७, शुक्रवार. 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर किडा दीडशेहून अधिक देशांत पसरला. फायली कुलूपबंद करून तो ३०० डॉलरची मागणी करी. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८० संस्थांना त्याची झळ लागली. रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या, काही ठिकाणच्या रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयांकडे वळवाव्या लागल्या. तेव्हा सारा दोष एक्सपीच्या माथी मारला गेला. मला तो अन्याय वाटतो. बाधित यंत्रांपैकी बहुतेक विंडोज ७ ची होती. त्यांच्यासाठी दुरुस्ती १४ मार्चलाच निघाली होती, फक्त बसवायची राहिली होती. एक्सपीवर तर तो किडा पसरण्याऐवजी बहुधा यंत्रच कोलमडत असे. म्हणजे २००३ चाच धडा चौदा वर्षांनी पुन्हा गिरवला गेला. तरीही कंपनीने एक्सपीसाठी तातडीने दुरुस्ती दिली, आणि मे २०१९ मध्ये आणखी एक.

आपल्याकडे एटीएममध्ये एक्सपी बराच काळ टिकून होती. रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये बँकांना फर्मावले, की जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने सर्व एटीएमवर आधार चालू असलेली प्रणाली घाला.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या आठवडाभर आधी संपला. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षा दुरुस्त्यांसाठी एका वर्षाची सवलत देण्यात आली. पुढची विंडोज ११ यंत्रात सुरक्षेची एक विशिष्ट चिप मागते. धडधाकट चालणारी कितीतरी यंत्रे त्या अटीत बसत नाहीत. शाळांच्या संगणक-खोल्यांत अशीच यंत्रे फार.

आता कापडाखालच्या यंत्राविषयी. आमच्या शाळेचे २००३ ते २०११ चे वार्षिक अंक त्यात आहेत, तेही त्या जुन्या फाँटमध्ये. नव्या यंत्रावर ते उघडले तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पेनड्राइव्ह लावायची मी मनाई केली आहे. म्हणून शनिवारी शाळा सुटल्यावर दोन विद्यार्थिनी एकेक पान छापून घेतात आणि शेजारच्या यंत्रावर युनिकोडमध्ये पुन्हा टंकतात. मुद्रिते मी तपासतो. आम्ही २००७ पर्यंत आलो आहोत.