नगर वसण्यापूर्वी

‘मलिक अहमदने अहमदनगर वसवले’ हे वाक्य आमच्या जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना पाठ असते. उर्दूच्या वर्गात आम्ही हेच ‘आबाद किया’ असे सांगतो. शब्द कोणताही वापरला, तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ओसाड माळ उभा राहतो. जणू तिथे आधी काहीच नव्हते, बादशहा आला, त्याने बोट दाखवले आणि शहर उभे राहिले! आमच्या मते या एका शब्दाने दोन्हीकडच्यांची दिशाभूल केली आहे. एका बाजूला वाटते, सारे काही आपल्या बादशहांनी केले. दुसऱ्या बाजूला वाटते, जे काही झाले ते परक्यांनी येऊन केले. म्हणून त्या शहराआधीच्या जमिनीकडे एकदा नीट पाहायला हवे.

शनिशिंगणापूरहून नगर सुमारे ३५ किलोमीटर. घोडेगावला मोठा रस्ता लागतो, मग इमामपूरचा घाट आणि जेऊर ओलांडून आपण नगरला पोहोचतो. याच रस्त्याने उलट दिशेला गेले की नेवासा येते. या मुलुखाचे वय किती, याचे उत्तर नेवाशाच्या मातीने दिले आहे. १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रवरेच्या काठी उत्खनन केले. अश्मयुगातल्या माणसाची दगडी हत्यारे तिथे मिळाली. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती मिळाली. हे लोक आपली दगावलेली बाळे मडक्यांत ठेवून घरातच पुरत. त्यावर सातवाहन काळाचा थर होता आणि त्यात रोमन बनावटीच्या कुंभांचे तुकडे होते. सर्वांत वरच्या थराला संशोधकांनी नाव दिले ‘मुस्लिम-मराठा कालखंड’. जमिनीत हे दोन शब्द असे एका जोडरेघेने बांधलेले सापडतात. आपण जमिनीवर चालणारे मात्र ती रेघ पुसायला निघतो! याच नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली. मलिक अहमदचे शहर त्यानंतर दोनशे वर्षांनी आले.

आता शहराच्या जागेविषयी. सीना नदीचा डावा काठ, पावसाच्या छायेतला कोरडा मुलूख आणि भिंगार नावाचे जुने गाव. भिंगारचे नाव लोक भृंगऋषींशी जोडतात. बहमनी राज्य मोडकळीला आले होते. मलिक अहमदचे वडील मलिक हसन यांची १४८६ मध्ये बिदरला हत्या झाली आणि मुलाने जुन्नरहून स्वतंत्र कारभार सुरू केला. त्याला नमवायला बिदरहून जहांगीरखानाची फौज आली. तिचा तळ भिंगारला पडला होता. मलिक अहमदने तिच्यावर अचानक छापा घातला. जहांगीरखान मारला गेला. या लढाईची तारीख २८ मे १४९० अशी दिली जाते आणि तीच शहराचा स्थापनादिन म्हणून पाळली जाते. पण त्या दिवशी शहर झाले नाही. विजयाच्या जागी झाली ती एक बाग, बाग निजाम, आणि एक महाल. जवळचे एक गाव सत्पुरुषांच्या निवासासाठी दिल्याचेही तवारिखेत येते.

शहराचा पाया पडला १४९४ मध्ये. त्याचे कारण आम्हा शिक्षकांना मुलांपुढे सांगताना जड जाते, पण सांगितले पाहिजे. मलिक अहमदला दौलताबादचा किल्ला हवा होता. वेढा घालूनही तो मिळेना. भिंगार हे जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मध्यावर. इथे राजधानी केली, तर दरवर्षी सुगीच्या दिवसांत फौज पाठवून दौलताबादच्या परिसरातली उभी पिके उद्ध्वस्त करता येतील आणि किल्ल्याची उपासमार होईल, असा हिशेब होता. अखेर १४९९ मध्ये किल्ला हाती आला. ज्या शहराची बरोबरी दोन वर्षांतच बगदाद आणि कैरोशी होऊ लागली असे फिरिश्ता लिहितो, त्याच्या पायात शेतकऱ्याचे जळालेले पीकही आहे. हा मुहम्मद कासिम फिरिश्ता कोणी शत्रू नव्हे. तो नगरातच वाढला आणि निजामशाहीच्या चाकरीत होता. बादशहांची स्तुती करणाऱ्यांनी हे पान वगळू नये.

त्याच फिरिश्त्याचे दुसरे पान निंदा करणाऱ्यांनी वगळू नये. मलिक हसन हा जन्माने ब्राह्मण होता आणि त्याचे पूर्वज गोदावरीपलीकडच्या पाथरीचे कुलकर्णी होते, असे तो नोंदवतो. मलिक अहमदचा मुलगा बुऱ्हाण याने १५१८ मध्ये वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी जिंकून घेतली, कारण ते वाडवडिलांचे गाव होते. पुढे ते गाव त्याने आपल्या ब्राह्मण नातलगांना इनाम दिले. धर्म बदलला, गावाची ओढ बदलली नाही. मग परके कोणाला म्हणायचे?

शहर उभे राहिले तेही याच जमिनीच्या जोरावर. कोरड्या मुलुखात पाणी कोठून आणायचे? कापूरवाडी, वडगाव, नागापूर अशा भोवतालच्या गावांच्या शिवारातून खापरी नळांनी जमिनीखालून पाणी खेळवले गेले. उतार ओळखणारे, नळ भाजणारे, चर खणणारे हात कोणाचे होते? तवारिखेत त्यांची नावे नाहीत. मोहल्ल्यांच्या नावांत मात्र खूण आहे. नालेगाव, माळीवाडा, बुरूडगाव या नावांत गाव आहे, माळी आहे, बुरूड आहे. मौलाना आझाद १९४२ पासून १९४५ पर्यंत नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. ‘गुबारे खातिर’मधल्या पत्रांत त्यांनी या किल्ल्याचा इतिहास आठवला आहे. आमचे उर्दू वाचक ते पुस्तक प्रेमाने वाचतात. त्यांनी या नावांकडेही तितक्याच प्रेमाने पाहावे, एवढीच विनंती.

२०२४ साली शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्यादेवी याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. त्यांच्याविषयी आम्हाला मनापासून आदर आहे. तरीही जुने नाव गेल्याचे आमच्यातल्या अनेकांना दुःख झाले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या दुःखात आपण असे मानू लागलो, की नाव गेले म्हणजे आपला या जमिनीशी संबंध संपला, तर ती मोठी चूक ठरेल. आपला संबंध पाटीशी कधीच नव्हता. तो पाथरीच्या कुलकर्ण्याच्या घरापासून आहे, सुगीला पीक गमावलेल्या शेतकऱ्यापासून आहे, खापरी नळ पुरणाऱ्या मजुरापासून आहे. आमच्या पूर्वजांतही शेतकरी होते, मजूर होते. बादशहा किती होते, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारावे.

आम्ही मुलांना इतिहास शिकवताना सनावळी शिकवूच. पण ‘वसवले’ म्हटले की विचारायला शिकवू, आधी इथे कोण राहत होते? हा प्रश्न विचारणारे मूल कोणत्याही धर्माचे असो, ते दुसऱ्याला परका म्हणताना अडखळेल.