पोथीसंशोधनाचा आश्रय आणि यवतमाळ

हस्तलिखिताचा अभ्यास हे वेळखाऊ काम असते. पोथी कोणाच्या घरी किंवा मठात आहे याचा शोध घेणे, ती पाहण्याची परवानगी मिळवणे, लिपी आत्मसात करणे, एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती ताडून पाठभेद नोंदवणे, पुष्पिकेवरून म्हणजे पोथीच्या शेवटी लेखनिकाने लिहिलेल्या काळ-स्थळाच्या मजकुरावरून तिचे वय ठरवणे, या प्रत्येक पायरीला महिने लागतात, आणि त्या काळात अभ्यासकाचा चरितार्थ कोणी चालवायचा हा प्रश्न पोथीविद्येच्या इतिहासात पहिल्यापासून आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या बाबतीत त्याचे उत्तर पुण्यामुंबईपेक्षा वेगळे मिळाले.

मराठी मुलखात विद्येला राजाश्रय देण्याची सर्वांत ठळक रीत म्हणजे पेशव्यांची श्रावणमासातील दक्षिणा होय. 1818 मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने ती एकदम बंद केली नाही, तर तिच्यातील काही रक्कम 1821 मध्ये पुण्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवली. 1849 मध्ये सुधारकांनी या निधीतून मराठी ग्रंथरचनेला उत्तेजन मिळावे असा अर्ज केला आणि त्यातून पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी उभी राहिली. याच निधीतून महाविद्यालयांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले जाऊ लागले आणि रा. गो. भांडारकर व म. गो. रानडे हे दोघेही असे फेलो होते. आजच्या संशोधन-शिष्यवृत्तीचे मराठी प्रदेशातील पूर्वरूप इथे सापडते. पुढे मुंबई सरकारने संस्कृत हस्तलिखितांचा शोध ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर अशा विद्वानांकडे सोपवला आणि त्यातून जमलेला संग्रह 1917 मध्ये स्थापन झालेल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आला.

वऱ्हाड मात्र या व्यवस्थेच्या बाहेर राहिला. 1853 मध्ये तो निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली गेला तरी मुंबई इलाख्यात आला नाही. आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी वणीच्या नावाने, ‘वून’ म्हणून ओळखला जाई, 1905 मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारनेही हस्तलिखितांकडे पूर्ण दुर्लक्ष केले नाही. रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली मोठी सूची 1926 मध्ये नागपूरला प्रसिद्ध झाली, पण ती संस्कृत आणि प्राकृत पोथ्यांची होती. मराठी पोथ्या सरकारी खर्चाच्या मर्यादेबाहेरच राहिल्या, आणि वऱ्हाडातील सर्वांत मोलाचे मराठी धन तर त्याच पोथ्यांमध्ये होते.

हे धन महानुभाव पंथाचे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या भोवती जमलेल्या अनुयायांनी मराठी हीच धर्मभाषा मानली. म्हाइंभटांनी लिहिलेले चक्रधरांचे चरित्र, म्हणजे लीळाचरित्र, अमरावती जिल्ह्यातील ऋद्धिपुरात सिद्ध झाले, आणि पैनगंगेपलीकडचे माहूर हेही या पंथाचे पूज्य स्थान असल्याने यवतमाळचा परिसर पंथीयांच्या नित्याच्या वाटेवर होता. पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी यांसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपीत प्रत्येक अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे चिन्ह येते आणि तिचे कर्तृत्व परंपरा रवळोबासांना देते. मठांमध्ये नकला करणे हीच सेवा असल्याने लेखनिकाला वेगळे वेतन लागत नसे. त्याच्या अन्नवस्त्राची सोय मठ करी. पोथ्या शतकानुशतके टिकल्या त्या या व्यवस्थेमुळे, आणि बाहेरच्या वाचकाला त्या अगम्य राहिल्या त्याही याच बंदिस्तपणामुळे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांनी सकळ लिपीचे कोडे उलगडले, तेव्हा त्या कामामागे कोणतेही विद्यापीठ उभे नव्हते. यवतमाळचे डॉ. यशवंत खुशाल देशपांडे हे त्याच पिढीचे आणि त्याच वळणाचे संशोधक होते. पेशाने ते वकील होते. 1925 मध्ये त्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ यवतमाळातून प्रसिद्ध झाले, त्या वेळी नागपूर विद्यापीठाला जेमतेम दोन वर्षे झाली होती. ज्या गावात संशोधनाची परंपरा नव्हती तिथे त्यांनी शारदाश्रम ही संस्था उभी केली, हस्तलिखिते जमवली आणि महानुभाव कवयित्री महदाइसेच्या धवळ्यांपर्यंत जुन्या वाङ्मयाचा धांडोळा घेतला. एका जिल्ह्याच्या गावी, स्वतःच्या पेशाच्या आधारावर झालेले हे काम पुण्यातील कोणत्याही सरकारी सूचीइतकेच आदराला पात्र आहे, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत त्याला मिळते त्याहून मोठी जागा त्याला मिळायला हवी.

मात्र या रीतीची एक उणीव होती. एका व्यक्तीच्या उत्साहावर उभ्या राहिलेल्या कामात पुढची पिढी घडवण्याची तरतूद सहसा नसते, आणि लिपी शिकवणारा गेला की पोथी पुन्हा मुकी होते. वि. भि. कोलते यांच्यासारखे अभ्यासक विद्यापीठात आल्यावर महानुभाव संशोधनाला अध्यापनाचा आधार मिळाला. परदेशात लंडनचे रेसाइड आणि अमेरिकेच्या अॅन फेल्डहाउस यांनी ते पुढे नेले.

आज पीएच.डी. करणाऱ्याला विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने दरमहा 37,000 रुपये मिळतात आणि वरिष्ठ टप्प्यावर 42,000. 1983 मध्ये स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठामुळे यवतमाळच्या विद्यार्थ्याला नोंदणीसाठी दूर जावे लागत नाही, आणि ऋद्धिपुरात मराठी भाषा विद्यापीठही आले आहे. तरीही जुनी अडचण रूप बदलून टिकून आहे. शिष्यवृत्तीची मुदत पहिल्या दिवसापासून मोजली जाते, आणि सकळ लिपी सराईतपणे वाचायला लागणारा काळ त्या मुदतीतूनच वजा होतो. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ज्ञान भारतम् या मोहिमेखाली एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंद आणि जतन करण्याचे जाहीर झाले, पण छायाचित्र घेतलेले पान वाचणारा माणूस त्या मोहिमेतून घडत नाही. लिपी शिकण्याचे पहिले वर्ष आणि सूची तयार करण्याचे काम यांना प्रबंधाइतकेच संशोधन मानून त्यांचा खर्च वेगळा दिला गेला, तर यवतमाळच्या विद्यार्थ्याला जिल्ह्यातील पोथ्यांवर काम करण्यासाठी वकिलीची मिळकत लागणार नाही.