अष्टमीचा चंद्र आणि तरावा

शनिवारी रात्री कॉम्प्युटरवर नकाशा उघडून उगाच समुद्र तुडवत बसायची मला जुनी सवय आहे. (बायकोच्या भाषेत 'फुकट प्रवास'.) असाच एकदा पॅसिफिकच्या मधोमध बेतिओवर जाऊन आदळलो. आजच्या किरिबाती देशात तरावा नावाची प्रवाळबेटांची माळ आहे, तिच्यातलं हे एक बेट. लांबी साधारण मरीन ड्राइव्हएवढी, रुंदी जिथे जास्तीत जास्त तिथे सातशे-आठशे मीटर. एवढ्याशा जागेत २० ते २३ नोव्हेंबर १९४३ या ७६ तासांत साडेपाच हजारांवर माणसं मेली.

भांडण होतं विमानांच्या धावपट्टीचं. अमेरिकेला तिथून पुढे मार्शल बेटांकडे सरकायचं होतं. समोर रिअर ॲडमिरल केइजी शिबाझाकी, साधारण २६०० जपानी नौसैनिक आणि दोनेक हजार मजूर. मजुरांतले निम्म्याहून जास्त कोरियातून आणलेले. नारळाचे ओंडके, पोवळ्याची वाळू आणि सिमेंट वापरून त्यांनी बेटभर बंकर बांधले होते. २० तारखेच्या सकाळी तीन बॅटलशिप, क्रूझर, विनाशिका आणि वरून विमानं, सगळे मिळून त्यावर तुटून पडले. सुमारे ३००० टन दारूगोळा! लांबून बघणाऱ्याला वाटावं, आता तिथे काय उरणार? पण ओंडके आणि वाळूने बरंचसं पचवलं.

त्यात गंमत (गंमत कसली म्हणा) अशी, की मोहिमेची सूत्रं 'मेरीलँड' या बॅटलशिपवरून हलत होती, आणि तिच्याच १६ इंची तोफांच्या हादऱ्यांनी तिची रेडिओ यंत्रणा सारखी बंद पडायला लागली. विमानं आणि जहाजं यांचा मेळ तुटला. सैनिक किनाऱ्याला लागायच्या आधीच तोफा थांबल्या, आणि बंकरातल्या माणसांना सावरून उत्तर किनाऱ्यावर यायला वेळ मिळाला.

पण खरा घात पाण्याने केला. बेटाभोवती पाण्याखाली प्रवाळाचा कट्टा आहे. सैनिक वाहून नेणाऱ्या हिगिन्स बोटीला त्यावरून जायला चारेक फूट पाणी हवं. कोकणात कोणालाही विचारा, अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग. भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. आणि २० तारीख नेमकी अष्टमीच्या सुमाराची.

तुम्ही म्हणाल, कोणी सांगितलं नाही का? सांगितलं होतं! मेजर फ्रँक हॉलंड तरावावर अनेक वर्षं राहिलेले. तीन फूटही पाणी मिळणार नाही, असं त्यांनी बजावलं होतं. आणि आराखडा करणाऱ्या डेव्हिड शूपनी ते कानाआड केलं नाही. चालत जावं लागण्याची शक्यता निम्मी-निम्मी, असं धरून त्यांनी पहिल्या तीन तुकड्या ॲमट्रॅकमध्ये बसवल्या. ॲमट्रॅक म्हणजे पाण्यात तरंगणारी आणि पट्ट्यांवर चालत कट्टा ओलांडणारी गाडी. अशा होत्या १२५. मागचे सगळे बोटीत, म्हणजे नशिबावर.

आमच्या धंद्यात याला 'नोन इश्यू' म्हणतात. रिलीझ नोटमध्ये एक ओळ टाकायची आणि तारीख पाळायची. मीही टाकल्यात अशा ओळी, पण त्यापायी कोणी मेलं नाही. तारीख हलवणं कठीण होतं हे मला पटतं, मार्शलची मोहीम मागे उभी होती. गाड्यांचं मात्र पटत नाही. जनरल हॉलंड स्मिथ जास्त ॲमट्रॅक मागत होते आणि ॲडमिरल टर्नर नको म्हणत होते. भांडून पन्नास वाढल्या. आणखी शंभर असत्या तर?

बोटी कट्ट्यावर अडकल्या. मरीन्स छातीभर पाण्यात उतरले आणि रायफली डोक्यावर धरून पाचशे-सहाशे मीटर चालत निघाले, मशीनगनच्या समोर. आडोसा काहीच नाही. पहिल्या दिवशी सुमारे ५००० उतरले, त्यातले १५०० संध्याकाळपर्यंत मेले किंवा जखमी झाले. शेवटी बेट मिळालं. अमेरिकेचे हजारेक गेले. पलीकडचे जिवंत सापडले १४६, त्यातले १२९ कोरियन मजूर.

पुढे १९८७ साली डोनाल्ड ओल्सन या टेक्ससमधल्या भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडलं. त्या दिवशी नुसता भांग नव्हता, चंद्र पृथ्वीपासून जवळजवळ सर्वांत दूरही होता. असा योग १९४३ मध्ये फक्त दोनदा आला. म्हणजे हॉलंडना जे अनुभवाने ठाऊक होतं, ते कागदावर यायला ४४ वर्षं लागली.

नौदल मात्र झटपट शिकलं. हवाईजवळच्या काहोओलावे बेटावर तरावासारखे बंकर बांधून त्यांवर तोफांचा सराव झाला. कट्टे आधी जाऊन मोजायला पाणबुड्यांची पथकं तयार झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये क्वाजालीन घेताना अमेरिकेचे चारशेच्या आत गेले.

बेतिओवर आज दाट वस्ती आहे. २०१५ साली तिथे खोदकामात पस्तीसेक मरीन्सचे अवशेष मिळाले. अजून शेकडो सापडायचे आहेत.