हाड मोडल्यावर डॉक्टर जखमेचा फोटो का काढतात?

अपघातात पाय मोडला, हाड कातडी फाडून बाहेर आलं. रुग्णाला कॅज्युअल्टीत आणलं, तर डॉक्टरांनी आधी मोबाइल काढून जखमेचा फोटो घेतला. नातेवाईक चिडतात, "उपचार सोडून फोटो कसले काढताय?" पण हा फोटोही उपचाराचाच भाग आहे.

फोटोने काय साधतं?

अशा उघड्या फ्रॅक्चरमध्ये जंतुसंसर्गाचा मोठा धोका असतो. ड्रेसिंग पुन्हा पुन्हा उघडलं तर तो वाढतो. म्हणून ब्रिटिश ऑर्थोपेडिक असोसिएशनच्या सूचनांनुसार वरवरची घाण काढायची, फोटो घ्यायचा आणि सलाईनमध्ये भिजवलेल्या गॉजने जखम झाकायची. नंतर येणारे सर्जन, प्लास्टिक सर्जन फोटो पाहूनच ऑपरेशनची तयारी करू शकतात.

एक्स-रे पुरेसा नाही का?

एक्स-रेमध्ये हाड दिसतं. कातडीचा रंग दिसत नाही; सूज किंवा जखमेतली माती नीट दिसेलच असं नाही. जन्मतः वाकड्या पावलांवर पॉन्सेटी पद्धतीने उपचार करताना साधारण दर आठवड्याला प्लास्टर बदलतात. तेव्हाचे फोटो ओळीने पाहिले की पाऊल किती सरळ झालं ते कळतं.

फोटो कसा हवा?

भरपूर उजेड, मागे साधं कापड, शेजारी मोजपट्टी. एक फोटो लांबून, एक जवळून. एक्स-रे फिल्मचा फोटो फ्लॅश बंद करून घ्यावा आणि त्यात डावी-उजवी बाजू दाखवणारी खूण दिसायलाच हवी. फोटो उलटा झाला तर बाजूची गफलत होऊ शकते.

मात्र नाडी लागते का, बोटांना स्पर्श कळतो का, हे फोटोत कळत नाही. त्यासाठी तपासणीच लागते.

फोटो व्हायरल झाला तर?

भारताच्या 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाच्या फोटोंचा गैरवापर हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरतं. चेहरा झाकला तरी टॅटू किंवा एक्स-रेवरच्या नावावरून ओळख पटू शकते.

तुम्ही काय कराल?

- फोटो कशासाठी आणि कुठे ठेवणार, हे बिनधास्त विचारा.
- व्हॉट्सॲपवर एक्स-रे 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवल्यास बारकावे पुसट होतात.
- फोटोसाठी घरी ड्रेसिंग सोडू नका.
- अपघातग्रस्ताचा फोटो ग्रुपवर टाकू नका.