उरलेलं पाणी: तानसाची लाईन, आमची मोरी आणि गळती शोधण्याचा इतिहास

मागच्या मे महिन्यात आईचा फोन आला. "देवघराच्या भिंतीला खालून ओल येतेय. पाऊस नाही, काही नाही. एकदा येऊन बघ."

आमचं घर शहापूर तालुक्यात, तानसा धरणापासून फार लांब नाही. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही तासभर. ते गच्चीवरच्या काळ्या टाकीत चढवायचं आणि दोन दिवस पुरवायचं. मे महिन्यात तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर टँकर फिरत असतात, तेव्हा घरात पाणी मुरतंय म्हटल्यावर आईचा जीव वर-खाली होणारच. घर बांधलं तेव्हा पाईप जमिनीखालून नेले होते, वर विटांचे तुकडे, मुरूम आणि कोबा, त्यावर लाद्या. म्हणजे गळती असलीच तर ती काँक्रीटच्या पोटात. फोडायचं कुठे?

माझा पीएच.डी.चा विषय पाणीपुरवठ्याच्या तंत्रज्ञानाचा इतिहास. एम.एस्सी. भौतिकशास्त्रात केली आणि मग इकडे वळलो. तरीही प्रामाणिकपणे सांगायचं तर घरातली गळती शोधताना मी पहिल्याच रात्री अशी चूक केली, जी तुम्ही प्रयोगशाळेत केली तर गाईड तुम्हाला उभं करेल. ती चूक आणि तिच्यामागचा दीडशे वर्षांचा इतिहास, दोन्ही आज सांगतो. संशोधनाची तयारी करताय ना, मग हे तुमच्या कामाचं आहे.

रात्री अकराला सगळे नळ बंद केले, टाकीत पट्टी बुडवून पातळीची खूण केली. सकाळी सहाला बघितलं तर पाणी चार सेंटीमीटर उतरलेलं. टाकीचा व्यास साधारण ११० सेंटीमीटर, म्हणजे एक सेंटीमीटरला साडेनऊ लिटर. सात तासांत ३८ लिटर, दिवसाला १३० च्या आसपास. जल जीवन मिशनचा ग्रामीण निकष माणशी रोज ५५ लिटरचा आहे आणि शहरांसाठीचा नेहमीचा निकष १३५ लिटरचा. म्हणजे आमच्या कोब्याखाली जवळजवळ एक शहरी माणूस पाणी पीत बसला होता. मी आईला जोरात सांगितलं, "रोज १३० लिटर गळतंय!"

चूक कुठे झाली ते पुढे येईल. आधी १८७३ सालच्या लिव्हरपूलला जाऊ, कारण टाकीवर खूण करण्याची ही युक्ती माझी नव्हेच.

लिव्हरपूलचा नगर अभियंता जॉर्ज डीकन. शहराला पाणी पुरत नव्हतं म्हणून ते ठरावीक तासच सोडलं जाई. डीकनने मुख्य वाहिनीवर बसवायचं एक मीटर बनवलं. आत पाण्याच्या जोराने वर-खाली होणारी चकती, तिला जोडलेली पेन्सिल आणि घड्याळाच्या यंत्राने फिरणाऱ्या नळकांड्यावर कागद. चोवीस तासांत कुठल्या वेळी किती पाणी वाहिलं याची रेघ आपोआप उमटायची. खरी गंमत रात्रीच्या रेघेत होती. रात्री दोन-तीनला माणसं झोपलेली असतात. त्या वेळीही रेघ शून्यावर येत नसेल तर ते पाणी कोण वापरतंय? मग निरीक्षक त्या भागात जाऊन एकेक गल्लीची चावी बंद करायचे. जी चावी बंद केल्यावर रेघ धपकन खाली यायची, गळती त्या गल्लीत. पुढे घराघराच्या नळाच्या चावीवर लोखंडी किंवा लाकडी दांडा टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं. दाबाखालचं पाणी बारीक छिद्रातून सुटतं तेव्हा सूं असा आवाज येतो, आणि धातूच्या पाईपमधून तो बराच लांब जातो.

विशेष म्हणजे यात जमीन खोदायची पाळी सगळ्यात शेवटी येते. आधी वेळ निवडायची, मग भाग पाडायचे, मग ऐकायचं. आजचे 'स्टेप टेस्ट' किंवा 'किमान रात्र-प्रवाह' हे शब्द याच पद्धतीची नातवंडं आहेत.

आता आपल्याकडे या. मुंबईला विहारचं पाणी १८६० मध्ये मिळालं, तुळशीचं १८७९ मध्ये, आणि तरी कमी पडलं म्हणून १८९२ मध्ये तानसा. तानसाचं धरण दगडी, लांबी पावणेतीन किलोमीटरच्या पुढे. तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या शहरापर्यंत पाणी पंपाशिवाय, नुसत्या उताराने न्यायचं होतं. त्यासाठी कुठे बांधीव कालवा, कुठे बोगदा, आणि दऱ्या-नाले ओलांडताना ४८ इंची बिडाचे पाईप. पुढे १९१५, १९२५ आणि १९४८ अशा टप्प्यांनी ही योजना वाढत गेली आणि ७२ इंची पोलादी वाहिन्या आल्या. आमच्याकडच्या लोकांसाठी 'लाईन' म्हणजे याच. शाळेत जाताना लाईनच्या कडेने जायचं, पत्ता सांगताना "लाईनच्या पल्याड" म्हणायचं. पाणी मात्र आतून मुंबईला जायचं.

उताराने वाहणाऱ्या या योजनेत हिशोब सोपा वाटतो. धरणातून किती सोडलं आणि शहरात किती पोचलं, यांची वजाबाकी म्हणजे गळती. इथेच जरा थांबा, कारण माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. गळती कुणी मोजत नाही. बाकी सगळं मोजून झाल्यावर जे उरतं त्याला गळती म्हणतात. धरणावरचं मीटर दोन टक्के जास्त दाखवत असेल तर ते दोन टक्के गळतीत जातात. घरातलं मीटर बंद पडलं असेल तर तेही गळतीत. चोरून घेतलेली जोडणी गळतीत, बिल न लागलेलं सार्वजनिक नळाचं पाणीसुद्धा गळतीत. प्रत्येक मोजमापातली चूक त्या एका रकान्यात जाऊन साठते. तुमच्या प्रबंधातही असा एक रकाना असणार आहे, नाव वेगळं असेल एवढंच.

मुंबईला रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी पुरवलं जातं आणि त्यातला साधारण पाव भाग गळती आणि चोरीत जातो, असं वर्षानुवर्षं छापून येतं. हा पाव भाग नक्की कशाचा बनलाय? मानवशास्त्रज्ञ निखिल आनंद यांनी मुंबईच्या पाण्यावर 'हायड्रॉलिक सिटी' (२०१७) हे पुस्तक लिहिलं आहे. गळतीचा आकडा अभियंत्यांच्याही हाती पक्का लागत नाही, तांत्रिक आणि माणसांच्या गोष्टी त्यात गुंतलेल्या असतात, हे त्यात फार छान उलगडलंय. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी जरूर वाचा. समाजशास्त्राचं पुस्तक म्हणून नाक मुरडू नका, मी आधी मुरडलं होतं.

डीकनची पद्धत मुंबईत तशीच का लागू होत नाही? तिला रात्रभर नळाला दाब हवा. मुंबईत बहुतेक भागांत पाणी ठरलेल्या वेळेलाच येतं, चावीवाले एकेका विभागाच्या चाव्या फिरवतात. पाणी आलं की लोक टाक्या भरायला धावतात, त्यामुळे तेव्हा वापर आणि गळती वेगळी काढता येत नाही. पाणी गेलं की पाईप गप्प. दाब नाही तर आवाज नाही, आवाज नाही तर दांडा टेकवून ऐकणार काय? वर रिकाम्या पाईपमध्ये त्याच छिद्रातून बाहेरचं घाण पाणी आत शिरतं. म्हणजे पाणी कमी म्हणून तासांवर सोडायचं, आणि तासांवर सोडतो म्हणून गळती सापडत नाही. लिव्हरपूलने हा वेढा रात्रीच्या मोजणीने तोडला आणि अखंड पुरवठ्याकडे परतलं. मुंबईने बहुतेक वेळा नवं धरण बांधलं: वैतरणा नदीवरचं मोडक सागर, अप्पर वैतरणा, भातसा, मग २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आता गारगाईचा प्रस्ताव आहे, रोज ४४० दशलक्ष लिटरसाठी. त्यात तानसा अभयारण्याचं जंगल आणि आदिवासी गावं बुडणार आहेत. ३,८५० चा पाव भाग किती होतो ते तुम्हीच करून बघा. अर्थात तो सगळा पाव भाग जमिनीत मुरत नाही, वर सांगितलंच. चोरीचं पाणी थांबवलं तरी त्या माणसाची तहान उरतेच. तरी मला हा हिशोब पटत नाही.

विसाव्या शतकात कानाची जागा यंत्राने घेतली. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये 'कोरिलेटर' आला. पाईपच्या दोन टोकांना दोन संवेदक लावायचे. गळतीचा आवाज जवळच्या टोकाला आधी पोचतो, लांबच्याला नंतर. दोन्ही नोंदी एकमेकींवर सरकवत कुठल्या अंतराला सगळ्यात जास्त जुळतात ते पाहायचं, तोच वेळेतला फरक. समजा संवेदकांत १०० मीटर अंतर आहे, पाईपमधून आवाजाचा वेग सेकंदाला १,२०० मीटर आणि फरक ०.०२५ सेकंद. म्हणजे दोन्ही रस्त्यांत ३० मीटरचा फरक, गळती एका टोकापासून ३५ मीटरवर. आता वेग चुकून १,००० धरला तर उत्तर येतं साडेसदतीस. अडीच मीटर बाजूला रस्ता फोडला जातो! बिडाच्या पाईपला मध्ये कुणीतरी प्लास्टिकचा तुकडा जोडलेला असेल तर वेग एकदम पडतो आणि आवाजही विरतो. यंत्र बरोबर, गणित बरोबर, गृहीतक चूक.

काँक्रीटच्या आतली गळती मोठ्या प्रमाणावर बघायची तर २०२३ साल आठवा. तानसा-वैतरणाच्या बाजूचं पाणी आता गुंदवलीहून भांडुपपर्यंत सुमारे १५ किलोमीटरच्या खोल बोगद्यातून जातं. बोगदा साडेपाच मीटर व्यासाचा, आतून काँक्रीटचं अस्तर. ठाण्यात बोअरवेल खणताना तो भोकसला गेला. वरून खोदून दुरुस्त करणं शक्यच नव्हतं. बोगदा बंद करून रिकामा करावा लागला, पाणी जुन्या वाहिन्यांतून वळवलं आणि ३१ मार्चपासून मुंबईत १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. मग माणसांनी आत उतरून भोक बुजवलं. एका बोअरवेलच्या भोकासाठी एवढा खटाटोप. पाईप खोल नेला की तो ट्रक, झोपडी, गंज या सगळ्यांपासून वाचतो, पण वर राहणाऱ्यांच्या नजरेतूनही जातो. आमच्या लाईनवर कुणी भोक पाडलं असतं तर दहा मिनिटांत अख्ख्या गावाला कळलं असतं.

आता आमची मोरी. माझी चूक अशी की मी 'कंट्रोल' घेतलाच नव्हता. दुसऱ्या रात्री टाकीखालची मुख्य चावी बंद ठेवली. पातळी हलली नाही, म्हणजे टाकी ठीक. तिसऱ्या रात्री फक्त संडासच्या फ्लशची चावी बंद केली. उतार चारवरून अडीचवर आला. फ्लशच्या टाकीतला बॉलकॉक थेंबथेंब सोडत होता आणि ते पाणी आवाज न करता भांड्यात जात होतं. म्हणजे माझ्या १३० लिटरांतले पन्नासेक लिटर कोब्याखाली नव्हतेच. तो वायसर मी वीस रुपयांत बदलला. आई म्हणाली, "आणि तू मला सगळं घर फोडायला सांगत होतास."

उरलेले ऐंशी लिटर मात्र खरंच खाली होते. ओल देवघरात दिसत होती, पण काँक्रीटखाली पाणी जिथे गळतं तिथेच वर येत नाही. मुरमातून, विटांच्या तुकड्यांतून वाट काढत ते जिथे फट मिळेल तिथे निघतं. प्लंबरदादांनी पहारीचं टोक लादीवर टेकवलं, दुसरं कानाशी धरलं आणि देवघर सोडून मोरीच्या उंबऱ्याशी थांबले. "इथं वाजतंय." दीडशे वर्षांपूर्वीच्या निरीक्षकाचीच मुद्रा. मी ऐकलं तेव्हा मला माझ्याच रक्ताचा आवाज आला, पण तिसऱ्यांदा ती बारीक सूं लागली.

लादी काढली तर जी.आय. पाईप कोब्यातून बाहेर पडून मुरमात शिरतो, नेमका तिथे गंजला होता. हे योगायोगाने होत नाही. काँक्रीट क्षारधर्मी असतं, त्यात लोखंडावर संरक्षक थर बसतो. ओल्या मातीतल्या भागाला तो मिळत नाही. एकाच पाईपचे दोन भाग अशा दोन वेगळ्या परिस्थितींत असले की त्याची बॅटरी होते आणि मातीतला भाग झिजतो.

दादांनी दोन पर्याय दिले. तेवढाच तुकडा कापून नवा जोडायचा, खर्च कमी. किंवा खालची लाईन कायमची बंद करून नवी प्लास्टिकची लाईन भिंतीवरून उघडी न्यायची. माझा आग्रह दुसऱ्याचा होता, कारण एका जागी गंजलेला पाईप तितकाच जुना बाकी सगळीकडेही आहे. आईला भिंतीवर पाईप नको होता, दिसायला वाईट. दोन दिवस वाद चालला. शेवटी ती म्हणाली, "दिसला तर दिसू दे, निदान गळला तर कळेल."

नवी लाईन बसल्यावर रात्री पुन्हा खूण केली. सकाळी पाणी खुणेवरच होतं. देवघराची भिंत सुकायला मात्र गणपती उजाडले, आणि तोवर पाऊस इतका झाला होता की नवी ओल कुठली आणि जुनी कुठली हे आम्हाला सांगता येईना.