शेवटच्या माणसाची बाटली

काशीहून आणलेला गंगेचा गडू देवघराच्या कोनाड्यांत वर्षानुवर्षें बंद असतो. त्याचें तोंड डाख देऊन मिटविलेलें असतें. घरांतील मुलें त्याला हात लावीत नाहींत, आणि वडील माणसें त्याच्याकडे पाहून न पाहिल्यासारखें करतात. कारण तो कोणत्या वेळीं उघडावयाचा हें सर्वांना ठाऊक असतें. पाश्चात्य देशांत असा मान पुष्कळदां मद्याच्या बाटलीस मिळालेला आहे. मुलाच्या जन्मवर्षाची पोर्ट नांवाची दारू तळघरांत ठेवून द्यावयाची व तो वयांत आला म्हणजे उघडावयाची, ही इंग्लंडांतील सधन घराण्यांची रीत प्रसिद्धच आहे. परंतु तिच्याहून विलक्षण अशी एक रीत सैनिकांत आढळते. बाटली सर्वांनीं मिळून राखावयाची, मध्यें कोणीहि उघडावयाची नाहीं, आणि सर्व सोबती गेल्यावर जो मागें उरेल त्यानें ती फोडून गेलेल्यांच्या नांवानें प्यावयाची!

या कल्पनेला व्यवहारांतील एक बहीण आहे. इ. स. १६५३ मध्यें लोरेंझो टोंटी नांवाच्या नेपल्सच्या गृहस्थानें फ्रान्सच्या सरकारापुढें कर्ज उभारण्याची एक युक्ति मांडली. वर्गणीदारांपैकीं जसजसा एकेक मरेल तसतसा त्याचा व्याजाचा वांटा मागें राहणारांस मिळावयाचा, आणि सर्वांत शेवटीं उरणारानें सर्वच उपभोगावयाचें. या पद्धतीस पुढें टोंटीन असेंच नांव पडलें. तींत प्रत्येक सभासदास दुसऱ्याच्या मरणाची वाट पाहण्यांत लाभ असे. सैनिकांनीं सांचा तोच ठेवला. परंतु त्यांत ओतलें तें अगदीं उलट. येथें शेवटीं उरणारास मिळावयाचें तें काय, तर एक पेलाभर दारू, आणि ती पिण्यास सोबत कोणी नाहीं.

अमेरिकेच्या मिनेसोटा संस्थानांत सेंट क्रॉय नदीच्या कांठीं स्टिलवॉटर हें लहानसें गांव आहे. १८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें तेव्हां मिनेसोटाच्या पहिल्या पलटणीच्या 'बी' तुकडींत या गांवचे तरुण भरती झाले. २१ जुलै १८६१ रोजीं बुलरनच्या लढाईंत पलटणीनें पहिला मोठा रक्तपात पाहिला. २ जुलै १८६३ रोजीं गेटिसबर्ग येथें तर, मदत येईपर्यंत चार घटका मिळाव्यात एवढ्यासाठीं, तिला आपल्याहून कितीतरी मोठ्या शत्रुसैन्यावर सोडण्यांत आलें, आणि पुढें गेलेल्यांपैकीं बहुतेक सर्व ठार अथवा जखमी झाले. युद्ध संपल्यावर वीस वर्षांनीं, १८८५ च्या सुमारास, 'बी' तुकडींतील चौतीस जणांनीं 'शेवटच्या माणसाचें मंडळ' स्थापन केलें. दरसाल २१ जुलैस, म्हणजे बुलरनच्या दिवशीं, स्टिलवॉटरला एकत्र जेवावयाचें. जो गेला त्याची खुर्ची काळें कापड घालून रिकामी मांडावयाची. आणि बर्गंडीच्या तांबड्या द्राक्षमद्याची एक बाटली शेवटच्या माणसासाठीं राखावयाची, असा नियम ठरला.

नियम करणारे बहुतेक चाळिशीच्या आसपासचे होते, हें विसरतां कामा नये. त्या वयांत मरणाचा उल्लेख हंसतहंसत करतां येतो. पुढें एका बाजूच्या खुर्च्या काळ्या झाल्या, मग दुसऱ्या बाजूच्या. पंगतींत तिघेच उरले, आणि शेवटीं १९३० च्या जुलैंत चार्ल्स लॉकवुड हा वयाची ऐंशी उलटलेला म्हातारा एकटाच मेजाशीं बसला. भोंवतीं काळ्या कापडाच्या तेहतीस खुर्च्या.

त्या वेळीं अमेरिकेंत दारूबंदीचा अंमल होता. गंमत अशी कीं, ती अमलांत आणणारा कायदा ज्या व्होल्स्टेडच्या नांवानें ओळखला जातो तो प्रतिनिधि याच मिनेसोटाचा. तथापि बंदीपूर्वीं मिळविलेली दारू स्वतःच्या घरीं ठेवण्यास किंवा पिण्यास त्या कायद्याची आडकाठी नव्हती. लॉकवुडची बाटली तर दारूबंदीच्या आधीं पस्तीस वर्षांची. त्यानें बूच काढलें, ग्लास उचलला, घोट घेतला. मद्य आंबून गेलेलें होतें.

यांत नवल कांहींच नाहीं. जुनी दारू तेवढी चांगली, हा समज सरसकट खरा नव्हे. आपल्याकडे शार्ङ्गधरानें आसवें, धातु व रस हीं जुनीं झालीं कीं गुणानें वाढतात असें म्हटलें आहे. परंतु त्यालाहि मर्यादा असणारच. द्राक्षमद्यांत मद्यार्काचें प्रमाण साधारणपणें शेंकडा बारातेरा असतें. बूच वाळून आकसलें, हवा आंत शिरली, कीं सूक्ष्म जंतु त्या मद्यार्काचें शिरक्याच्या आम्लांत रूपांतर करतात. बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलें राहावें म्हणून, आणि थंड तळघरांत ठेवतात ती हा बिघाड लांबावा म्हणून. शोभेसाठीं उभी ठेवून दर वर्षीं मेजावर मिरविलेल्या बाटलीनें पंचेचाळीस वर्षें टिकावें, ही अपेक्षाच मोठी होती. ऊर्ध्वपातन करून काढलेल्या ब्रँडीची गोष्ट वेगळी. तींत मद्यार्क शेंकडा चाळीसच्या घरांत असल्यामुळें जंतूंचें तेथें कांहीं चालत नाहीं. लांकडी पिंपांत असेपर्यंतच ती मुरते. कांचेच्या बाटलींत भरली कीं तिचें वय थांबतें, आणि बूच शाबूत असेल तर शंभर वर्षांनींहि ती तशीच निघते.

शंभरांवर वर्षांची अशीच एक ब्रँडी पुढें उघडली गेली. १८ एप्रिल १९४२ रोजीं कर्नल डूलिटल याच्या नेतृत्वाखालीं सोळा बाँबफेकी विमानांनीं 'हॉर्नेट' या विमानवाहू जहाजावरून उड्डाण करून टोकियो व इतर जपानी शहरांवर बाँब टाकले. एकेका विमानांत पांच, असे ऐंशी वैमानिक. जपानी पहाऱ्याच्या नौकेनें आधींच हेरल्यामुळें त्यांना ठरल्यापेक्षां फार दूरवरून निघावें लागलें, आणि चीनमधील ठरलेल्या विमानतळापर्यंत पुरेल इतकें पेट्रोल उरलें नाहीं. एक विमान रशियांत उतरलें. बाकीचीं पंधरा चीनच्या किनाऱ्यावर व आंतल्या मुलखांत कोसळलीं. तिघे पडतांना मेले. आठ जपान्यांच्या हातीं सांपडले. त्यांपैकीं तिघांना गोळ्या घातल्या गेल्या व एक तुरुंगांत खंगून वारला.

जे वांचले त्यांना चिनी शेतकऱ्यांनीं लपविलें, खाऊंपिऊं घातलें, खांद्यावरून वाहून नेलें. त्याचा सूड जपानी सैन्यानें चेकियांग व कियांगसी या प्रांतांतून उगविला. गांवेंच्या गांवें जाळलीं, सहस्रावधि निरपराध माणसें मारलीं. त्यांच्या नांवाचा पेला कोठेंहि ठेवलेला नाहीं. वैमानिकांच्या बाटलीची कथा सांगतांना हें सांगितल्याशिवाय पुढें जाणें बरें नव्हे.

युद्ध संपल्यावर डूलिटलनें आपल्या सोबत्यांना मेजवानीस बोलाविलें आणि तेथून त्यांच्या भेटीगांठींचा क्रम सुरू झाला. १९५६ सालीं त्याच्या साठाव्या वाढदिवसानिमित्त त्याला हेनेसी कोन्याकची एक बाटली भेट मिळाली. तिजवरचें साल १८९६. तेंच त्याचें जन्मवर्ष. ती त्यानें स्वतः उघडली नाहीं, सोबत्यांच्या स्वाधीन केली. १९५९ सालीं टूसॉन शहरानें त्यांना ऐंशी रुपेरी पेले दिले. प्रत्येक पेल्यावर एकेकाचें नांव दोनदां कोरलेलें. एकदां सुलट, एकदां उलट. दर वर्षीं भेटीच्या वेळीं सरत्या वर्षांत गेलेल्यांचे पेले पालथे घालावयाचे, म्हणजे नांव वाचतां येई. शेवटीं दोघे उरतील तेव्हां त्यांनीं बाटली उघडावी, असें ठरलें. एकटा नव्हे, दोघे. स्टिलवॉटरच्या नियमापेक्षां एवढा शहाणपणा यांत अधिक. हे पेले गांवोगांव नेण्यासाठीं रिचर्ड कोल यानें आपल्या हातानें पेटी तयार केली. टोकियोवर गेला त्या दिवशीं तो डूलिटलच्या शेजारीं सहवैमानिक म्हणून बसलेला होता.

डूलिटल १९९३ सालीं, शहाण्णव वर्षांचा होऊन, वारला. २०१३ सालीं चौघेच उरले, आणि चौघांनींहि नव्वदी ओलांडलेली. तेव्हां त्यांच्यापुढें कठीण प्रश्न उभा राहिला. वचनाप्रमाणें आणखी दोघे जाण्याची वाट पाहावी, तर उरलेल्या दोघांच्या हातांत पेला उचलण्याची शक्ति राहील याची हमी कोणी द्यावी? गेलेल्या शाहत्तरांना दिलेला शब्द मोडावा, कीं तो ज्यासाठीं दिला तें साधावें? म्हाताऱ्यांनीं वाद वाढविला नाहीं. दोघांची अट सोडली.

९ नोव्हेंबर २०१३ रोजीं ओहायो संस्थानांतील डेटन येथें वायुदलाच्या संग्रहालयांत बाटली फुटली. रॉबर्ट हाइट प्रकृतीमुळें येऊं शकला नाहीं. जपानी तुरुंगांतून जिवंत सुटलेल्या चौघांपैकीं तो एक. उरलेले तिघे आले: अठ्याण्णव वर्षांचा कोल, त्र्याण्णव वर्षांचा एडवर्ड सेलर, ब्याण्णव वर्षांचा डेव्हिड थॅचर. बूच काढण्याचा मान कोलचा. जुनें बूच सहजासहजीं निघेना, आणि समुदाय निःशब्द राहिला. तें निघालें. तिघांच्या पेल्यांत थोडी थोडी ब्रँडी ओतली गेली. मोहिमेंत पडलेल्यांच्या व पुढें गेलेल्यांच्या नांवानें कोलनें दोन वाक्यें म्हटलीं, आणि ते प्याले.

सेलर व हाइट २०१५ सालीं गेले, थॅचर २०१६ सालीं. ठरावाप्रमाणें थांबले असते, तर थॅचर व कोल या दोघांना २०१५ च्या वसंतांत बाटली उघडतां आली असती. हाइटलाहि नाहीं, सेलरलाहि नाहीं. कोल एकटाच आणखी तीन वर्षें जगला आणि ९ एप्रिल २०१९ रोजीं, वयाच्या एकशेंतिसऱ्या वर्षानंतर, टेक्सासमध्यें वारला. त्याच्या हातच्या पेटींतला ऐंशीवा पेलाहि पालथा झाला.