ब्रेकची बखर

विसरणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. एक, ब्रेक लावायला विसरणारे. आणि दुसरी, ब्रेक सोडायला विसरणारे. पहिल्या जातीला इतिहासात मानाचे पान आहे. त्यांची गाडी उतारावरून आपणहून निघते, पानाच्या टपरीत शिरते, चार माणसे धावतात, पंचनामा होतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तीन ओळींची का होईना, पण बातमी येते. दुसऱ्या जातीच्या नशिबी यातले काही नाही. ते ब्रेक लावलेल्या गाडीतूनच निघतात, ब्रेक लावलेल्या गाडीतूनच पोचतात, चहा पितात आणि परत येतात. काही म्हणजे काही घडत नाही. निदान त्या दिवशी तरी नाही. आणि जिथे काही घडत नाही तिकडे इतिहासकार फिरकत नाहीत. म्हणून हे काम माझ्यासारख्या बी. कॉम. झालेल्या बँक कारकुनाच्या अंगावर येऊन पडले आहे. वरकरणी काही घडलेले दिसत नाही, पण शिल्लक मात्र कमी होते, अशा प्रकरणांची आम्हा लोकांना सवय असते.

बखर म्हटली की प्राचीन काळापासून सुरुवात करण्याची रीत आहे. तेव्हा बैलापासून करू.

बैलगाडीच्या युगात हा विसराळूपणा शक्यच नव्हता. चाकाखाली लावलेला धोंडा काढायचा राहिला, तर बैल एक पाऊल टाकत, थांबत आणि मान वळवून गाडीवानाकडे अशा नजरेने पाहत, की मार्चअखेरीस रजेचा अर्ज पुढे केल्यावर हेडक्लार्कसुद्धा तसे पाहणार नाही. गाडीवान मुकाट्याने खाली उतरे आणि धोंडा काढी. बैलजोडीची ताकद सगळी मिळून साधारण एक अश्वशक्ती धरतात. ती वाया घालवणे बैलाला परवडत नाही, म्हणून तो लगेच तक्रार करतो. बेताची ताकद आणि प्रामाणिकपणा यांची ही सांगड कृपा करून ध्यानात ठेवा. पुढे लागणार आहे.

(चाकाखालच्या धोंड्याचा एक सार्वजनिक अवतार अजून घाटात पाहायला मिळतो. बंद पडलेल्या ट्रकच्या चाकाखाली मोठाले दगड लावतात. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, दगड रस्त्याच्या मध्यावर राहतात आणि रात्री मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याला भेटतात. ब्रेक एकाने लावायचा, सोडायला विसरायचे त्यानेच, आणि हाडे मोडायची तिसऱ्याची!)

ट्रॅक्टर आला तोही प्रथम निरुपद्रवीच होता. त्याला लोखंडी चाके असत आणि त्याचे सारे आयुष्य शेतात जाई. नांगरलेल्या मातीत क्लच दाबला की स्वारी जागच्या जागी थांबे; तिथे ब्रेकचे कौतुक कुणाला? पण १९३२ साली अमेरिकेतल्या अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने ट्रॅक्टरला हवेचे रबरी टायर बसवून विकायला सुरुवात केली आणि ट्रॅक्टर रस्त्यावर आला. नुसता आला नाही. पुढच्याच वर्षी जाहिरातीसाठी या कंपनीने बार्नी ओल्डफील्ड नावाच्या शर्यतबहाद्दराला खास तयार केलेल्या ट्रॅक्टरवर बसवले आणि त्याने तो ताशी ६४ मैलांवर, म्हणजे शंभर किलोमीटरच्याही वर पळवला. त्या दिवसापासून ट्रॅक्टर थांबवायचा कसा, हा प्रश्न मातीने सोडवायचा राहिला नाही.

आपल्या देशात पहिला ट्रॅक्टर तयार होऊन बाहेर पडला १९५९ साली, फरीदाबादला, आयशर कंपनीचा. १९६३ मध्ये महिंद्रांनी अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीशी भागीदारी करून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. तिचा कारखाना कांदिवलीचा. आम्हा पालघर-बोईसरकरांना ही फार जवळची गोष्ट, कारण कांदिवली आणि आम्ही एकाच रेल्वेमार्गावर! मुंबईकरांना कांदिवलीहून लोकल निघते एवढेच ठाऊक. तिथून ३५ अश्वशक्तीचा बी-२७५ ट्रॅक्टरही निघत होता.

पण ट्रॅक्टर निघाला म्हणून शेतकऱ्याच्या दारात येत नाही. मध्ये पैसे लागतात. इथे बखरीत आमच्या जमातीचा प्रवेश होतो. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गिरण्या-कारखान्यांकडे तोंड करून बसलेल्या बँकांना पाठीमागे शेतकरी उभा आहे हे वळून पाहावे लागले. गिरगाव-दादरच्या चाळींत वाढलेल्या, भात झाडाला लागतो की वेलीला याविषयी मतभेद असलेल्या कारकुनांना एकाएकी अश्वशक्ती, नांगर आणि ट्रॉली यांच्या नोंदी करायची पाळी आली. पुढे ट्रॅक्टरकर्जाचे कागद माझ्याही टेबलावरून गेले. कर्जदाराचे नाव, सातबारा, इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, अश्वशक्ती, विमा, जामीनदार, जामीनदाराचा सातबारा, सगळ्याला रकाने. माझ्या टेबलावरच्या फॉर्मात ब्रेकला मात्र रकाना नव्हता. ट्रॅक्टर चालला तर हप्ते येणार. थांबायची भाषा बँकेत कोण काढणार?

आता हा ब्रेक पाहू. मोटारीसारखा ट्रॅक्टरला एकच ब्रेक-पेडल नसतो. उजव्या पायाशी दोन असतात, शेजारी शेजारी. एक डाव्या मागच्या चाकाचा, दुसरा उजव्या. बांधाशी पोचल्यावर ट्रॅक्टर जागच्या जागी वळवायचा तर ज्या बाजूला वळायचे तेवढेच चाक धरून ठेवायचे, म्हणून ही सोय. रस्त्यावर येताना मात्र दोन्ही पेडल एका पट्टीने जोडून घ्यायचे असतात. नाहीतर एकच चाक थांबते आणि ट्रॅक्टर बाजूच्या चरात जातो. आणि तिसरी सोय पार्किंगची. पुष्कळशा ट्रॅक्टरांत ती अगदी साधी आहे: पेडल पायाने दाबायचे आणि खटका अडकवायचा. पेडल दबलेले राहते. निघताना पेडल पुन्हा दाबून खटका सोडायचा. संपले.

म्हणजे पार्किंगचा ब्रेक असा वेगळा नसतोच. जो ब्रेक उतारावर आपला जीव वाचवणार, तोच सावलीत उभ्या ट्रॅक्टरला धरून बसलेला असतो. बचत खाते आणि चालू खाते एकच, आणि सही दोन्हीकडे त्याचीच.

खटका चांगला करकचून लागलेला असेल तर निघताना इंजिन घुसमटते, झटका बसतो आणि मालकाला आठवण होते. खरा दगा देतो तो अर्धवट लागलेला, एखाद्या दात्यावर अडकून राहिलेला खटका. खालच्या गिअरात ट्रॅक्टरच्या चाकांवर इतका जोर असतो, की अशा अर्धवट ब्रेकला तो खिजगणतीत धरत नाही. इंजिनाचा आवाज किंचित जड होतो. पण मागे विटांनी भरलेली ट्रॉली असली की तो तसाही जडच असतो. डिझेल जास्त जळते. पण ते काय, नेहमीच जास्त जळते. पस्तीस बैलजोड्यांची ताकद एका पोलादी पेटीत कोंबलेली, पण मान वळवून धन्याकडे पाहील असा त्यांत एकही बैल नाही! बेताच्या ताकदीचा प्राणी चूक पहिल्या पावलाला सांगतो. दांडग्या ताकदीचे यंत्र ती चूक तीन कोस ओढत नेते आणि वर घरंगळल्यासारखे हसतमुख दिसते.

आत मात्र हिशेब चालू असतो. ब्रेकचे लायनिंग घासत राहते, तापते, करपल्याचा वास सुटतो. फार तापले की त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग तो धरीनासा होतो. नव्या ट्रॅक्टरांत तेलात बुडवलेले ब्रेक असतात. ते टिकतात जास्त, पण त्यांचा वास बाहेर येत नाही. आणि बऱ्याच ट्रॅक्टरांत तेच तेल गिअरनाही पाजलेले असल्यामुळे एकाच्या तापाने सारे कुटुंब आजारी पडते. वाणिज्य शाखेत याला घसारा म्हणतात. फरक इतकाच, की आमचा घसारा दरवर्षी वहीत लिहिला जातो.

आमच्याकडे ट्रॅक्टर चार महिने शेतकरी असतो आणि आठ महिने हमाल. पावसाळ्यात भाताच्या खाचरात चिखलणी झाली की उरलेले वर्षभर तो विटा, रेती, गवत, पाण्याच्या टाक्या वाहतो. आणि लग्नसराईत, कायद्याची परवानगी नसताना, माणसे. ट्रॉलीत वऱ्हाड उभे असते, पोरे कठड्यावर बसलेली असतात, नवरदेवाची मावशी मध्यभागी सतरंजीवर. पुष्कळशा ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. तेव्हा ही सगळी मंडळी थांबणार ती ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या भरवशावर. मनोरहून पालघरला येताना वाघोबाची खिंड लागते. तिथे वाघोबाचे ठाणे आहे आणि येणारा-जाणारा हात जोडतो. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला मागून ढकलायला लागते, ड्रायव्हर पाय दाबतो, आणि गेल्या पंधरवड्यात सपाटीवर फुकट खर्ची पडलेला ब्रेक नेमका त्या क्षणी शिल्लक नसतो. पंचनाम्यात ‘ब्रेक फेल झाला’ असे लिहितात. बिचारा फेल कुठला होतोय? तो केव्हाच संपलेला असतो. ब्रेक सोडायला विसरणाऱ्याची बातमी कधीच येत नाही असे मी सुरुवातीला म्हणालो. येते, पण ती लावायला न लागलेल्या ब्रेकच्या नावावर जमा होते. चुकीच्या खात्यात.

यावर उपाय काय? गंमत म्हणजे तो शोधायला लांब जायला नको. आमच्या डोळ्यांसमोर दोन ठिकाणी तो रोज चाललेला असतो.

पहिला रेल्वेचा. ही लाइन १८६४ साली मुंबईपर्यंत पोचली. सुरुवातीच्या काळात जगभर गाड्यांचे ब्रेक हाताने फिरवून लावीत. पुढे जॉर्ज वेस्टिंगहाउस या अमेरिकन गृहस्थाने १८७२ च्या सुमारास आपल्या हवेच्या ब्रेकमध्ये एक उलटी युक्ती केली: नळीत हवेचा दाब असेल तर ब्रेक सुटलेला, दाब गेला की लागलेला. म्हणजे काही बिघडले, नळी तुटली, डबा सुटला, तरी गाडी थांबणारच. थांबणे हा तिचा स्वभाव. चालण्यासाठी मात्र मेहनत करून ब्रेक सोडवावा लागतो.

दुसरा तारापूरचा. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ साली वीज देऊ लागल्या. म्हणजे बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि तारापूर एकाच वर्षाची भावंडे! अणुभट्टीचा ब्रेक म्हणजे नियंत्रक दांडे. ते न्यूट्रॉन गिळतात. आत असले की भट्टी शांत. या दोन भट्ट्यांत ते खालून वर सरकतात. तिथे ब्रेक सोडायचा राहिला आणि भट्टी तशीच चालू झाली, असे होऊच शकत नाही. कारण दांडे बेताबेताने बाहेर काढणे यालाच भट्टी सुरू करणे म्हणतात. ब्रेक सोडणे हीच तिथली किल्ली.

तुम्ही म्हणाल, ट्रॅक्टरवाल्याने काय अणुभट्टी बसवायची? नको. रेल्वेचीच दुसरी, बिनखर्चाची युक्ती सांगतो. इतका अक्कलवान ब्रेक असूनही रेल्वेच्या एखाद्या डब्याचा ब्रेक चिकटून राहतो, चाक तापते, आणि पुढे इंजिनात बसलेल्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून गाडी जाताना फाटकवाला निशाण घेऊन उभा राहतो. आपल्याला वाटते, बिचारा गाडीला मुजरा करतोय. तो चाके पाहत असतो. कुठे धूर, कुठे ठिणग्या, कुठे काही लोंबतेय का. तसे दिसले तर तो लाल निशाण दाखवतो. २०२२ मध्ये गार्डसाहेबांचे बारसे करून त्यांना ट्रेन मॅनेजर केले, फाटके कमी कमी होत चालली, पण ही बाहेरून पाहण्याची पद्धत राहिली. जो बसलेला असतो त्याला मागचा धूर दिसत नाही, हे रेल्वेने मान्य केले आहे. माणसे अजून करायची आहेत.

बोईसरच्या बाजूला मी एक म्हातारा ट्रॅक्टरवाला पाहिला आहे. खटका लावला की डोक्यावरची टोपी काढून तो स्टिअरिंगवर ठेवी. निघताना टोपी उचलल्याशिवाय स्टिअरिंग धरता येत नसे, आणि टोपी उचलली की पाय आपोआप पेडलवर जाई. लायनिंग म्हणे वर्षानुवर्षे टिकले. आता तो ट्रॅक्टर नातू चालवतो. नातू टोपी घालत नाही. त्याने ट्रॅक्टरवर दोन मोठे कर्णे बसवले आहेत आणि त्यांवर अखंड गाणी चालू असतात, त्यामुळे इंजिनाचा आवाज जड झाला तरी त्याच्या कानापर्यंत पोचायला जागा नाही.

तेव्हा शेवटची विनंती तुम्हालाच. कधी बोईसरहून तारापूरकडे रिक्षाने जाताना, किंवा मनोरच्या रस्त्याला मोटारीने, पुढे ट्रॅक्टर-ट्रॉली असेल आणि रबर आणि डांबर एकत्र करपल्यासारखा वास आला, तर आपण काय करतो? नाकाला रुमाल लावतो, काच वर करतो, ‘काय प्रदूषण वाढलंय हो’ म्हणतो आणि ओव्हरटेक करून जातो. तसे करू नका. त्याच्या बरोबरीला या, हॉर्न वाजवा आणि ओरडून सांगा, ‘अहो, ब्रेक लागलाय!’ पहिल्यांदा त्याला वाटेल तुम्हाला साइड हवी आहे, म्हणून तो हाताने पुढे जा म्हणेल. मग वाटेल तुम्ही भांडायला आला आहात. पण गाणे थांबवून त्याने खाली पाहिले, तर खटक्याचा ‘टक्’ असा आवाज होईल, पेडल वर येईल आणि ट्रॅक्टर एकदम हलका झाल्यासारखा पुढे सुटेल. तो आभार मानील याची खात्री देत नाही. ट्रॉलीतली मावशी मात्र त्या दिवशी लग्नाला पोचेल आणि जेवणात मीठ कमी होते अशी तक्रार करत घरी परत येईल.